बिननावाचा आहेर

आमच्या गच्चीवर एक निळा ड्रम आहे. 2016 च्या उन्हाळ्यात घेतलेला. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, एप्रिलमधली पहिली गाडी 5 लाख लिटर पाणी घेऊन आली आणि आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडं किती तोळे सोनं आहे यापेक्षा कुणाकडं किती ड्रम आहेत याची चर्चा जास्त होती. तो उन्हाळा गेला, ड्रम राहिला. आता त्यात पाणी नसतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून 24 तारखेच्या रात्रीपर्यंत त्यात सांताक्लॉजचा माल असतो.

घरातल्या एकाही जागेचा भरवसा राहिला नाही म्हणून ड्रम. दिवाणात ठेवावं तर थोरला बॉल शोधायला आधी दिवाणच उघडतो. कपाटावर ठेवावं तर धाकटी खुर्चीवर स्टूल चढवून पोचते, नको तिथं हुशारी. माझ्या साड्यांच्या मागं ठेवलं तर सासूबाईच दोन्ही लेकरांसमोर विचारतात, "अगं ते तुझ्या साड्यामागं चमकी कागदात काय हाय गं?" आता याला काय म्हणायचं.

पण खरं सांगायचं तर याच सासूबाईंनी एकदा सगळा खेळ वाचवलाय. 2023 चा नाताळ. धाकटी 5 वर्षांची, तिला भातुकलीचा सेट आणला होता, मी रात्री अकराला अर्ध्या झोपेत तो पॅक केला आणि डब्याच्या खालच्या बाजूला दुकानाचं स्टिकर तसंच राहिलं. सकाळी उशाजवळ गिफ्ट, आरडाओरडा, कागद टराटरा फाडला, आणि थोरल्यानं डबा उलटा करून मोठ्यानं वाचलं, "गंजगोलाई, लातूर. 180 रुपये." घरात एकदम शांतता. नवरा फॅनकडं बघायला लागला, डिसेंबरात. धाकटी माझ्याकडं बघतीय, खालचा ओठ हळूहळू पुढं यायला लागलेला. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणल्या, "मग? त्येनं एवढ्या लांबून ओझं वागवत आणावं व्हय? गोलाईला सोळा रस्ते हायेत, कुठल्याबी रस्त्यानं येत असंल अन् घेत असंल." धाकटीला ते शंभर टक्के पटलं. मलाही पटलं खरं तर. लातूरला येणारा कुठलाही माणूस खरेदीला गोलाईतच जाणार ना.

मी स्वतः सांताच्या आशेवर वाढलेली नाही. मी औसा तालुक्यातली, नवरा निलंग्याकडचा, आमच्या लहानपणी नाताळ म्हणजे कॅलेंडरवरचा एक लाल आकडा आणि शाळेला सुट्टी, बास. पडलेला दात पत्र्यावर फेकायचा आणि उंदराला सांगायचं की माझा जुना घे, तुझा नवा दे, एवढाच काय तो आमचा अदृश्य लोकांशी देण्याघेण्याचा व्यवहार. सांता आमच्या घरात आला तो लेकरांच्या शाळेतून, मागच्या दारानं. थोरला नर्सरीत होता तेव्हा शाळेतल्या शिपायमामांना लाल झगा आणि कापसाची दाढी लावून वर्गात पाठवलं होतं, पाठीवर पोतं, पोत्यात चॉकलेटं. आमच्या पोरानं त्यांना बघितलं आणि असा काही टाहो फोडला की मला बँकेतून अर्धी रजा टाकून जावं लागलं. कारण साधं होतं. जेवत नाही म्हणून सासूबाई त्याला रोज सांगायच्या, पोत्यावाला बुवा येतो आणि पोत्यात घालून नेतो. म्हणजे आमच्याकडं पाठीवर पोतं टाकलेला दाढीवाला माणूस लेकरं घ्यायला येतो, द्यायला नाही. नंतर वाचलं तर तिकडं ऑस्ट्रियाच्या बाजूला संत निकोलसच्या, म्हणजे मूळच्या सांताच्याच, जोडीला क्रॅम्पस नावाचा एक शिंगवाला असतोच, वाईट वागणाऱ्या पोरांना धरून नेणारा. त्यांच्याकडं वाटप आणि वसुली दोन्ही खाती चालू आहेत, आपण फक्त वसुलीची शाखा उघडलेली.

आमच्या बँकेत जालन्याची एक मैत्रीण होती, ख्रिश्चन. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली बेथेल ही वस्ती आहे, त्या भागात नाताळ काही कालपरवा आलेला नाही. मी मोठ्या उत्साहानं तिला विचारलं, तुमच्याकडं सांता कसा करतात गं, काही आयडिया दे. ती हसायलाच लागली. म्हणली, "आमच्याकडं कसला सांता! आई करंज्या, चिवडा करायची, नवे कपडे, चर्चला जायचं, गाणी म्हणत घरोघर फिरायचं. सांता तुमच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेतून आम्हाला पण नंतरच कळला." म्हणजे ज्यांचा सण त्यांच्याकडं करंज्या आणि आम्ही करंजीवाले लाल टोपी शोधत फिरतोय. नवऱ्याचं पण तेच म्हणणं होतं, आपला सण नाही, कशाला ही थेरं, दिवाळीला देतोच की सगळं. त्याचं चूक नव्हतं. दिवाळीला देतोच. पण दिवाळीचं कसं देतो?

आमच्याकडं द्यायचं म्हणजे नाव घेऊन द्यायचं. मराठवाड्यातलं एखादं लग्न आठवून बघा. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या की तिकडं एका टेबलावर दोन माणसं वही घेऊन बसतात आणि स्पीकरवरून पुकारा सुरू होतो, अमुक गावचे अमुक पाटील यांच्याकडून 101 रुपये आहेर, तमुक मामांकडून भांडं. जेवणारी माणसं भाताचा घास तोंडाशी धरून आकडे ऐकत असतात. माझ्या आईकडं आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या आहेराच्या वह्या आहेत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, आणि कुणाकडं लग्नाला जायचं ठरलं की आधी वही निघते. त्यांनी 51 केले होते, मग आपण 101 करू, काळ वाढलाय. ब्लाऊजपीस तर असे फिरतात की मी दिलेला खण तीन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आलाय, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागासकट. मी बँकेत काउंटरला बसते, मला या पद्धतीत काहीच खटकत नाही, उलट गावातल्या गरीब माणसाचं लग्न याच्यावरच निभतं, आज तुला उद्या मला. पण हे देणं नाही, हे खातं आहे. आणि लेकरांचं खातं आपण कळायच्या आधीच उघडून ठेवतो. आम्ही तुला सायकल घेतली, आता मार्क काढ. आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो अन् तू...

तर असंच एकदा मी सासूबाईंना संत निकोलसची गोष्ट सांगत होते. चौथ्या शतकातला बिशप, मायरा नावाच्या गावचा, ते आता तुर्कस्तानात आहे. त्या भागात एका गरीब बापाला तीन मुली, लग्नाला पैसा नाही, पोरींचं आता काय होईल या काळजीत बाप. तर म्हणे निकोलस रात्रीचा गुपचूप आला आणि खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून गेला. एका पोरीचं लग्न झालं. मग दुसरी थैली. मग तिसरी. सासूबाई एकदम गंभीर. "म्हंजी त्यांच्याकडंबी हुंडा होता म्हण की." मग थोडा वेळ थांबून, "अन् नाव नाही सांगितलं त्येनं?" मी म्हणलं, नाही, म्हणून तर रात्री आला. "माय माय," त्या म्हणल्या, "तीन पोरींची लग्नं केली अन् पुकारा नाही केला."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की मला या लाल टोपीवाल्यात एवढा इंटरेस्ट का आहे. आणि आबा आठवले.

आबा म्हणजे माझे आजोबा. येळवस माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, लातूर धाराशिवकडं दिवाळीपेक्षा मोठा सण. अख्खं शहर रिकामं होतं, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, सगळी माणसं रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा, रानात आंबील शिंपडायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, पोट फुटेस्तोवर. शेत नसलेल्या माणसालाही कुणीतरी ओढून नेतंच. तर आमच्या आबांचं असं होतं की पूजा झाली की म्हणायचे, "बघा रे, पांडवांच्या मागं काही हाय का." आम्ही चुलत-मावस दहा-बारा पोरं कोपीत घुसायचो, आणि दगडांच्या मागं कडब्यात काहीतरी असायचंच. रेवड्यांचा पुडा. गोट्या. एका वर्षी लाल रिबिनी. "आबा, कुणी ठेवलं?" "मी काय बघितलंय व्हय? पांडव वनवासात असतानी लई हाल काढलेत त्येंनी, आता लेकरांना देत असतील." बस, एवढंच. आणि आबा कोपीच्या बाहेर बसून भाकरीवर भज्जी खात असायचे, आमच्याकडं पाठ करून. आम्ही आनंदानं ओरडतोय आणि ज्यानं आणलं तो तोंड वळवून बसलाय, हे मला लहानपणी कधी विचित्र वाटलं नाही.

तेच आबा गावातल्या लग्नात आहेर पुकारताना आपलं नाव जरा हळू घेतलं गेलं तर परत घ्यायला लावायचे, हे पण इथंच सांगून ठेवते. साधुसंत नव्हते.

1993 ला मी 7 वर्षांची होते. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे, 4 वाजायला चार मिनिटं कमी होती, जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावं मग सगळ्या जगाला कळली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ज्या घरानं उन्हाळ्यात गारवा दिला त्याच घराखाली माणसं गेली. आमचं गाव जरा लांब होतं. आमच्या घराची एक भिंत गेली, माणसं वाचली. पण घरात झोपायची कुणाची हिंमत नव्हती, वरून पाऊस, आणि आम्ही सगळे रानात ताडपत्रीखाली. मग ट्रक यायला लागले. कुठून कुठून यायचे. कपड्यांचे ढीग उतरायचे.

आबा ढिगाजवळ गेले नाहीत. जो माणूस आपलं नाव परत पुकारायला लावायचा त्याला बिननावाच्या कपड्यांसमोर उभं राहणं काय असेल हे मला आता कळतं. आई गेली, पदर ओढून. माझ्यासाठी एक लाल स्वेटर घेऊन आली. हातानं विणलेला, मला दोन मापं मोठा, पाच बटणातलं एक वेगळ्याच रंगाचं. मी खिशात हात घातला तर आत एक खोडरबर. स्ट्रॉबेरीच्या आकाराचं, वासाचं, प्लॅस्टिकच्या पुडीत तसंच, न वापरलेलं. चुकून राहिलेलं नव्हतं ते. कुणीतरी मुद्दाम ठेवलं होतं. कुठल्यातरी शहरातल्या कुठल्यातरी बाईनं, का तिच्या पोरीनं, स्वेटर गाठोड्यात टाकायच्या आधी विचार केला असेल की ज्या पोरीला हा जाईल तिच्या खिशात काहीतरी असू दे. मी ते रबर वर्षभर वापरलं नाही, फक्त वास घेत होते. आईनं दोन-तीनदा मागेपुढे बघून विचारलं, ट्रक कुठल्या गावचा होता माहीत आहे का कुणाला. तिला वहीत लिहायचं होतं. काय लिहिणार.

त्या वर्षीची येळवस जानेवारीत होती. करायची का नाही यावर गावात वाद झाला, ज्यांच्याकडं माणसं गेली होती त्यांचा तर प्रश्नच नव्हता. आबांनी कोप केली, लहानशी. पाच दगड मांडले. पूजा झाली आणि सवयीनं आम्ही पोरं आत घुसलो. मागं काहीच नव्हतं. नुसता कडबा. चुलत भाऊ तिथंच रडायला लागला. आबा आत आले, वाकून, आणि माझ्या लाल स्वेटरची बाही धरून म्हणले, "औंदा पांडवांनी आगाऊच दिलंय की."

मला पुढं दोन-तीन वर्षांनी कळलं. आबा बंडीच्या खिशातून पुडा काढून कडब्यात सारत होते आणि मी मागं उभी. मी कुणाला बोलले नाही. फार समजूतदार होते म्हणून नाही. मला भीती वाटली की बोलले तर बंद होईल.

असो. तर अशी मी सांता झाले. नवऱ्याला फार समजवावं लागलं नाही, पहिल्या वर्षी थोरल्याचं तोंड बघितल्यावर तो माझ्यापेक्षा पुढं गेला, आता कागद कुठला, बो कसा, सगळं तोच बघतो.

आणि हे दिसतं तेवढं सोपं नाही हां. पहिली अडचण अक्षराची. माझं बँकेतलं अक्षर लेकरांना पाठ, म्हणून चिठ्ठी मी डाव्या हातानं लिहिते, त्यामुळं आमच्या सांताचं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आहे. दुसरी अडचण पत्त्याची. थोरल्यानं दुसरीत असताना पत्र लिहिलं आणि विचारलं, पिनकोड काय टाकू? मी शोधलं तर कॅनडाच्या पोस्टानं खरंच सांताला एक पोस्टल कोड देऊन ठेवलाय, एच झिरो एच, झिरो एच झिरो, म्हणजे वाचला की हो हो हो. तिकडची माणसं टपाल खात्यात बसून पोरांना उत्तरं लिहितात. आमच्याकडं एवढी सोय नाही. सासूबाई म्हणल्या, देवघरात ठेव, पुढचं ते बघतील. तेव्हापासून सांताची पत्रं बाळकृष्णाच्या पाटाखाली जातात आणि तिथून रात्री नवरा उचलतो. हे पोस्ट एकदाही लेट झालेलं नाही.

मग मोबाईलवर तो नकाशा सापडला, सांता आत्ता कुठं पोचलाय ते दाखवणारा. ते प्रकरण तर मला फारच आवडतं. 1955 ला अमेरिकेत कोलोरॅडोत एका दुकानाच्या सांताच्या जाहिरातीतल्या फोन नंबरचा काहीतरी घोळ झाला आणि पोराचा फोन गेला थेट लष्कराच्या हवाई संरक्षणाच्या ऑफिसात. ऐन शीतयुद्धाचे दिवस, तिथं माणसं रशियाचं विमान येतंय का बघत बसलेली. तिथल्या कर्नल शूप यांनी फोन आपटला नाही. सांता कुठपर्यंत आलाय ते सांगायला सुरुवात झाली, आणि ती आजतागायत दरवर्षी चालू आहे. थोरला दरवर्षी 24 ला रात्री तो नकाशा उघडून बसायचा, आता जपान झालं, आता चीन, आणि झोपेनं डोळे मिटत असताना विचारायचा, लातूर दिसतं का त्याला वरून. रेणापूर नाक्यावरून वळला की दिसतंच, नवरा सांगायचा.

पण दोन गोष्टी मी ठरवून पाळते. एक म्हणजे सांताला पोलीस करायचं नाही. शहाण्यासारखा वागलास तरच येईल, नाहीतर दुसऱ्या पोराला देईल, हे वाक्य आमच्या घरात बंद. शेजारणीकडं नोव्हेंबरपासूनच चालू असतं, जेव नाहीतर सांताला सांगीन. तसं करायचं असेल तर आमचा पोत्यावाला बुवा काय वाईट होता. दुसरी गोष्ट पैशाची. धाकटीनं एकदा विचारलं, "आई, सांतानं तिला टॅब दिला, मला रंगपेटी. मी वाईट आहे का?" माझ्या पोटात खड्डा पडला. टॅब देणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्या खिशात आहे. पण महागाचं आपल्या नावावर द्यावं की, सायकल बाबांनी घेतली म्हणावं, ईएमआयसकट. सांतानं लहानच आणावं. नाहीतर वर्गातल्या ज्या पोराच्या घरी त्या रात्री कुणीच येत नाही त्यानं काय समजायचं? मी त्या दिवशी तिला उत्तर दिलं नाही, रंगपेटीतले रंग मोजायला लावले. 24 निघाले. विषय टळला, संपला नाही.

आता मागच्या वर्षीचं. 2024 चा 24 डिसेंबर, मंगळवार, बँकेत वर्षाअखेरची गर्दी, घरी आले, स्वयंपाक, भांडी, आणि लेकरं झोपायची वाट बघत बघत मीच झोपले. नवरापण. पहाटे पाचला जाग आली ती धाकटीच्या हालचालीनं, कूस बदलतीय, म्हणजे कधीही उठणार. उशाजवळ काही नाही. मी नवऱ्याला असा चिमटा काढला की तो उठून बसला आणि त्याला एका सेकंदात सगळं कळलं. आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसाला येतं, त्यामुळं लातूरच्या माणसाला पहाटे गच्चीवर जायला कारण लागत नाही. "टाकी बघून येतो," असं हवेत म्हणून तो बनियनवर, अनवाणी, कडाक्याच्या थंडीत वर गेला. मी खाली श्वास धरून. ड्रमचं झाकण थंडीनं आवळलं होतं म्हणे. त्यानं जोर लावला. झाकण सुटलं आणि स्लॅबवर पडून गोल गोल गोल फिरत राहिलं, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही, धडाम आणि मग घरंगळत्या परातीसारखा.

धाकटी ताडकन उठून बसली. डोळे एवढे मोठे. मला वाटलं संपलं. ती छताकडं बोट करून कुजबुजली, "आई. तो उतरला. गच्चीवर."

मी काहीच बोलले नाही, मला बोलता आलंच नसतं. ती पांघरुणात घुसली, डोळे गच्च मिटून, कारण जागं दिसलं तर तो परत जातो ना. पाच मिनिटांनी नवरा आला, केसाला कोळ्याची जाळी, गिफ्ट बनियनमध्ये खोचलेलं, आणि तिच्या उशाशी ठेवून दिलं. मग थोरल्याच्या उशाशी ठेवायला वळला. थोरला जागा होता. मला दिसलं. बापाच्या केसातल्या जाळीकडं बघत होता. मग त्यानंही डोळे मिटले.

थोरल्यानं त्या वर्षी पत्रात इंग्लिश विलोची बॅट मागितली होती. कधी दुकानात किंमत विचारली असेल तर कळेल, माझ्या पगारातला बराच तुकडा जातो. त्याला मिळाले बॅटिंग ग्लोव्ह्ज आणि डाव्या हाताची चिठ्ठी, "बॅट फार जड होती. पुढे बघू." त्यानं ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी केली, खिशात ठेवली. दिवसभर काही बोलला नाही. धाकटी मात्र गल्लीभर सांगत फिरली, आमच्या गच्चीवर उतरला म्हणून, आणि खालच्या काकूंनी पण सांगितलं, हो गं बाई, आम्ही पण आवाज ऐकला.

पाच दिवसांनी, 30 ला, येळवस होती. निलंग्याकडं सासरच्या रानात. पूजा झाली, धाकटी आणि तिची चुलत भावंडं कोपीत घुसली, रेवड्यांचा पुडा सापडला, किंकाळ्या. मी बाहेर बांधावर बसून ढाळे सोलत होते, कोपीकडं पाठ करून. थोरला या वेळी आत गेलाच नाही. माझ्या शेजारी येऊन बसला. मी वाट बघत होते, आता विचारेल सांता खरा का खोटा. त्यानं ते विचारलंच नाही. म्हणाला, "मग माझी पत्रं कुठं हायेत?"

मी म्हणलं, आहेराच्या वहीत. लाल पुठ्ठ्याच्या, आईनं मला लग्नात दिलेली, तिच्या मागच्या कव्हरात सगळी आहेत. ड्रोन मागितलेलं, डायनासोर मागितलेलं, आणि ते पहिलं ज्यात नुसतं वाकडं झाड काढलंय.

"सगळ्याचे पैसे तुमचे गेले?"

"गेले की."

तो बराच वेळ हिशोब करत असावा. हरभऱ्याचा एक घाटा फोडून खाल्ला, दुसरा फोडून माझ्या हातावर ठेवला. कोपीतून अजून ओरडणं चालूच होतं. मग एकदम त्यानं माझ्याकडं बघितलं. "अन् पांडव?"

त्याचं उत्तर मी दिलं नाही. तेवढं आबांचं होतं.

औंदा येळवस 19 लाच झाली, नाताळच्या आधी. रानात या वेळी रेवड्यांबरोबर कडब्यात सहा गोट्यापण निघाल्या. मी ठेवलेल्या नव्हत्या. नवऱ्याला विचारलं, त्यानंही नाही. थोरला बांधावर भज्जी खात होता.

देवघरात बाळकृष्णाच्या पाटाखाली यंदा एकच पत्र होतं, धाकटीचं, तिला एक खरी परी पाहिजे, नसेल तर स्केटिंगचे बूट. थोरल्याचं पत्र नाही. मला वाईट वाटलं, पण म्हणलं 11 वर्षांचा झाला, चालायचंच. काल रात्री लेकरं झोपल्यावर गिफ्ट ठेवायला मीच वर गेले. झाकण दोन्ही हातांनी धरून हळूच काढलं, मोबाईलचा टॉर्च आत मारला. तळाला वहीचा कागद, चार घड्या घातलेला, वर दगड. वाकून, अर्धी ड्रममध्ये जाऊन तो काढला.

वर पत्ता होता, एच झिरो एच, झिरो एच झिरो. आत लिहिलेलं, काश्मीर विलो पण चालेल. आणि खाली बारीक अक्षरात, झाकण या वर्षी हळू, ती उठते.